पळतानाच चुकणारं काळीज

फोन आला तेव्हा मी शेलूबाजारच्या फाट्यावर घोड्यांच्या शर्यतीविरुद्धची पत्रकं वाटत होते. “तुह्ये मामा पडले. घोडीवरून. ये,” एवढंच मामी बोलली. पुढचं बोलायची गरजच नव्हती... मी आसेगावला मामाच्या घरी पोचले तेव्हा तो गेला होता, अंगणात माणसं खालमानेनं बसली होती.

मधुकरमामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. दुसऱ्याच्या घोडीवर बसणारा स्वार. हिवाळ्यात शर्यत, लग्नसराईत वरात. माझी पत्रकं तो मन लावून वाचायचा आणि वर म्हणायचा, “पोरी, झकास लिवलं. आता हे घोडीच्या मालकाले वाचून दाखव, मंग मी तुले मानतो.”

गेल्या हिवाळ्यापासून त्याला एकच घोर लागला होता. तो बसायचा ती घोडी भर पळताना मध्येच जोर सोडायची. “पाय नाही चुकत तिचा, काळीज चुकते,” तो म्हणायचा. पण आपल्याकडचा दळभद्री रिवाज असा, की मैदानात घोड्याला डॉक्टरचा हात लावू द्यायचा नाही. चार माणसांनी पाहिलं तर घोड्यात खोड आहे असा बोभाटा होतो, मग वरातीलाही कुणी नेत नाही. म्हणून दाखवायचं दुसऱ्या दिवशी, घोडी थंड झाल्यावर. तोवर काळजाचे ठोके आपोआप जागेवर आलेले! गुरांच्या डॉक्टर मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, हा दोष येतो आणि जातो. छातीला ठोके नोंदवणाऱ्या यंत्राचा पट्टा बांधून पळवलं तरच सापडेल. मामाने शेतरस्त्यावर तेही केलं. काही निघालं नाही. तेवढ्या पळण्यानं तिचं काळीज चुकतच नव्हतं. मालक हसला, “मधुकर, घोडी ठणठणीत हाये. तूच म्हतारा होऊन राह्यला. जमत नसन तं दुसरा बसवतो.”

हा पिंजरा बघा. दोष सापडायचा तर शर्यत हवी, आणि शर्यतीतून घोडीला सोडवायचं तर दोष सापडायला हवा!

“नाही म्हण ना, मामा,” मी भांडले.

“मी नाही म्हटल्यानं ते थांबते का? कोनी दुसरा बसन, अन् त्याले मालूमही नसन... एकडाव सापडू दे, मंग मीच तुह्यासंग पत्रकं वाटतो.”

शर्यतीच्या दिवशी खोगिराखाली लपवून त्याने तो पट्टा बांधला. शेवटच्या टप्प्यात घोडी कोलमडली आणि मामा तिच्याखाली आला. मॅडमनी नंतर दाखवलं, घोडी पडण्याआधीच ठोके विस्कटले होते. सापडलं होतं, मामा! पण मालक म्हणतो यंत्रच बिघडलं. दुसऱ्या दिवशी, रिवाजाप्रमाणे, थंड झाल्यावर त्याने घोडी दाखवून घेतली. आता नवा स्वार शोधतो आहे.

परवा मी मालकाच्या तबेल्यात गेले. मामा रोज तिच्या पुढच्या डाव्या पायाच्या कोपरामागे तळहात टेकवायचा, डोळे मिटायचा आणि पायाने ठेका धरून ऐकत राहायचा. मीही तिथेच हात ठेवला. घोडीनं मान वळवून मला हुंगलं. हाताखाली ठोके पडत होते, संथ, सारखे...

“काहून, हाये ना बरोबर?” मालकाने दारातून विचारलं.

हो म्हणणं खोटं होतं, आणि नाही म्हणायला हाताखाली काहीच नव्हतं. मी हात काढला नाही.