नानांचा किडा आणि माझे आठ टर्न

नाना पाण्यात गेले नाहीत. घरातच गेले, सकाळचा चहा पिऊन, खुर्चीत बसल्या बसल्या.

हे आधीच लिहितेय, कारण परवापासून फोनवर प्रत्येक जण दबक्या आवाजात एकच विचारतोय. "नदीवर का?"

नाही हो. नदीवर नाही.

आणि खरं सांगू? रडू यायच्या आधी मला हुश्श झालं. सासरे गेल्यावर सुनेने असं लिहू नये, माहितीये. पण झालं.

नानांनी शिरपूरला आयुष्यभर मोटार रिवाइंडिंग केलं, म्हणजे जळालेल्या मोटारींत नवी तांब्याची तार गुंडाळली. मासे धरायचा नाद उतारवयात लागला. एका फार्महाउसवर मोटार दुरुस्त करायला गेले, तिथल्या पाहुण्याने पिसं बांधलेला एक गळ भेट दिला. नानांनी घरी आणून तो मोटार खोलतात तसा खोलला.

आत काय निघावं? तार!

मग काय, माणूस खूश. नदीतल्या दगडांखाली किडे राहतात, मासे ते खातात. तसाच किडा गळावर बांधायचा. जड बांधायचा, म्हणजे तळाला जातो.

गळ टेबलावरच्या व्हाइसच्या चिमटीत पकडायचा. तांब्याची बारीक तार, अठरा टर्न, म्हणजे अठरा वेढे, एकाला एक चिकटून. वरून मोरपिसाचे केस, काळ्या दोऱ्याची गाठ आणि मोटारीच्या वार्निशचा एक थेंब.

मासा धरायचा, डोळे भरून बघायचा, सोडून द्यायचा. आमच्या घरात खातं कोण?

मग कंपवात झाला. हात थरथरायला लागले, पाय डगमगायला लागले. पण नदी सुटेना.

जड किडा तळाच्या दगडात अडकतो. दोरी तोडून मोकळं व्हावं की नाही? नाही! तांब्याची तार वाया घालवणं नानांच्या रक्तात नव्हतं. ते पाण्यात उतरायचे. गेल्या वर्षी अनेर नदीत असेच घसरले, छातीभर पाण्यात. शेजारच्या मळ्यातल्या माणसांनी ओढून काढलं.

आमच्या ह्यांनी गळाची काठी माळ्यावर टाकली. नानांनी बोलणं टाकलं. जेवणही अर्ध्यावर आलं.

महिनाभर बघितलं. मग मीच काठी खाली काढली.

"नाना, किडे मी बांधून देते. शिवणकाम करते, माझा हात बसेल."

बसलाही. फक्त मी एक चोरी केली. आत आठच टर्न घालायचे, वरून मोरपीस जाड गुंडाळायचं. हलका किडा तळाला जाणार नाही, अडकणार नाही, नाना पाण्यात उतरणार नाहीत.

नाना उतरले नाहीत. पण त्यांना मासाही लागला नाही. वर्षभर, एकही नाही.

तरी ते नदीवर जायचे. ते परत येईपर्यंत माझं मशीनवर लक्ष नसायचं. किती ब्लाउज वाकडे शिवले असतील, गिऱ्हाइकांनी माफ करावं.

गल्लीत कुणी विचारलं, "नाना, मासा भेटना का?" की नाना हसून आमच्या अहिराणीत म्हणायचे, "हातच गया मना. आते नही जमत."

हे मी ओट्यावर उभी राहून ऐकायचे. आणि गुपचूप आत जायचे.

पंधरा दिवसांपूर्वी मात्र राहवलं नाही. त्यांच्या पुढ्यात बसले आणि सगळं ओकून टाकलं.

नाना म्हणाले, "मले पहिला दिनपाईन माहीत शे. हातवर लिधा आनि समजनं. आठच टर्न शेतस."

"मंग बोलनात काब्र नही?" का बोलला नाहीत, तेच मला कळेना.

"तुले भ्याव वाटस ना, बेटा."

"आनि लोकेसले हात गया असं काब्र सांगेत?"

"मंग काय सांगू? मनी सून चोट्टी शे?"

दोघंही इतके हसलो की ह्यांनी आतून विचारलं, काय झालं.

दुसऱ्या दिवशी मी पूर्ण अठरा टर्न घातले, आणि सोबत गेले. तिसऱ्याच फेकीला किडा अडकला. नानांनी माझ्याकडे बघितलं. मी पदर खोचला आणि उतरले.

नदीला इतकी भ्यायचे मी, आणि तिथे पाणी गुडघ्याएवढं! खाली दगड गुळगुळीत, पण थंडगार, छान. काठावरून नानांच्या ऑर्डरी चालूच. "डावीकडे! अरे, डावीकडे!"

किडा सोडवला. थोड्या वेळाने मासा लागला. वीतभर, रुपेरी. नानांचे हात फार कापत होते, म्हणून गळ मी काढला. मग मासा त्यांच्या ओंजळीत दिला. त्यांनी वाकून तो पाण्यात सोडला आणि कितीतरी वेळ तिकडेच बघत राहिले.

घरी येताना म्हणाले, "आते तू एकटी बी येवू शकस."

येईन, नाना.

मनात कसलाही सल शिल्लक राहिला नाही, एवढं मोठं देणं तुम्ही जाता जाता दिलंत. निवांत जा.

तुमची सून रेखाचा शेवटचा रामराम.