बिनधुतला सदरा

आमच्या तांबड्या गाईला लम्पी झाला आणि त्यात आधी वेगळे झाले ते माझे सासू-सासरे.

औंढ्याच्या अलीकडे आमचं गाव. घरामागे गोठा आणि शेतात आखाडा, म्हणजे पत्र्याची शेड, पाण्याचा हौद आणि एक बाज. गाईच्या अंगभर गाठी उठल्या तेव्हा जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "ह्या विषाणूवर औषध नाही. ताप उतरवायचा, जखमांची निगा राखायची आणि पोटात चारा जाऊ द्यायचा. खाल्लं तर वाचेल." बैल धडधाकट होते. त्यांना लस टोचून दूर बांधायला सांगितलं. वर ताकीद दिली, आजारी गाईला हात लावणाऱ्यानं बैलांकडे फिरकायचं नाही.

बैल मामांशिवाय, म्हणजे माझ्या सासऱ्यांशिवाय, कुणाला जुमानत नाहीत. म्हणून मामा आखाड्यावर गेले. गाईजवळ आत्याबाई, माझ्या सासूबाई. मी गोठ्यात पाऊल न टाकता दोघांना डबे पोचवणारी.

अडचण एवढीच की ही गाय मामांनी वासरापासून हातानं चारलेली. बाकीच्यांच्या हातचा घास तिला वर्ज्य. आत्याबाईंनी कोवळं कडवळ पुढं केलं, ज्वारीच्या पेजेत गूळ घातला, "खा गं माय" म्हणून विनवलं, मग शिव्याही घातल्या. गाय तोंड फिरवून उभी. बरगड्या दिसायला लागल्या. शेजारच्या बायका येऊन "देवी आली, सुई टोचू नका" सांगून जायच्या. फुकटचा सल्ला द्यायला कुणाचं काय जातं! मला इतका संताप यायचा की मी दाराला आतून कडी घातली.

आखाड्याच्या बांधावर बाभूळ आहे. तिथं डबा ठेवून मी मागं सरकायची, मग मामा यायचे. "कशी हाय ती?" म्हणजे गाय. बायकोची चौकशी नाहीच. एके दिवशी मी म्हटलं, "मामा, आजही काडी तोंडात घेतली नाही तिनं."

 मामांनी अंगातला सदरा काढून बाभळीवर टाकला. "तुझ्या सासूला दे. अंगात घाल म्हणावं. अन् धुवू नको म्हणावं."

मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मग उमगलं, त्या सदऱ्याला मामांचा वास होता. बैलांकडचं गाईकडं गेलं तर चालतं, उलटं चालत नाही.

"एवढा घामट सदरा म्या घालू?" म्हणत आत्याबाईंनी नाक मुरडलं आणि लुगड्यावर घातला. मी दारातून बघत होते. गाईनं बाही हुंगली, पुन्हा हुंगली, आणि जीभ काढून कडवळाची पेंढी ओढली. आत्याबाई एकाच वेळी रडत होत्या आणि हसत होत्या. माझा जीव तेव्हा कुठं भांड्यात पडला.

पुढं तोच क्रम. कडुलिंबाच्या पाल्याच्या उकळून गार केलेल्या पाण्यानं जखमा धुवायच्या, घरच्याच हळदीचा तेलातला लेप लावायचा, गोठ्यात चुना भुरभुरायचा, सांजेला माश्यांसाठी धूर करायचा. आणि वास उतरला की मामांच्या अंगातला दुसरा सदरा. मामांचे सदरे संपत आले, बांधावर ते बनियनवर यायला लागले. मी आत्याबाईंना म्हटलं, "आता धोतर मागायची पाळी आणू नका म्हणजे झालं."

खपल्या झडल्या, कातडी भरून आली, आणि डॉक्टरांनी जनावरं एकत्र बांधायला हरकत नाही असं सांगितलं. त्या संध्याकाळी मामा बैल घेऊन घरी आले. आधी गाईकडं. तिनं त्यांचा हात चाटून चाटून लाल केला. अंगावर डाग राहिले होते, पण गाय आमची होती, उभी होती. मला अगदी हलकं हलकं वाटलं.

मग मामांनी आत्याबाईंकडं पाहिलं. त्या अजून सदऱ्यातच.

"डॉक्टर म्हणले, ती कवाची तुझ्या हातचं बिगर सदऱ्याचं खाऊन राहिली. मग माझे सदरे काहून मागवून राहिली व्हतीस?"

हे मलाही ठाऊक नव्हतं. आत्याबाईंनी मान खाली घातली.

"गाय खायला लागली व्हती. पर घर खायला उठत व्हतं न्हवं."

 आत्याबाई सदऱ्याची बटणं काढायला लागल्या, तसे मामा बनियनवरच ओट्यावर टेकले.

"ऱ्हाऊ दे अंगात," ते म्हणाले, "थंडी हाय."