बाबांचं जुनं बटण

अकोल्यात आमची लग्नाला भाड्याने जाणारी, छत उघडता-मिटता येणारी गाडी तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. ती बाबा चालवतात. छत पूर्ण बंद होईपर्यंत बटण दाबून धरावं लागायचं; बोट उचललं की छत तिथंच थांबायचं. लकव्यानंतर त्यांच्या बोटात तेवढा जोर उरला नाही, म्हणून मागच्या आठवड्यात मीच वायरिंग बदलून घेतलं. एकदा दाबलं की छत आपोआप बंद. थांबवायला पुन्हा दाबायचं.

आज दुपारी वरात मंडपापाशी पोचली. ऊन फार म्हणून बाबांनी बटण दाबलं. नवरदेव अजून मागच्या सीटच्या पाठीवरच बसलेला होता. लोक ओरडले तसं बाबांनी इतक्या वर्षांच्या सवयीनं पटकन बोट उचललं.

छत येतच राहिलं.

मी वरातीतून धावत येऊन बटण दाबलं. नवरदेव कसाबसा खाली सरकला, फेटा मात्र छतात अडकला. सगळे हसले, नवरदेवही. बाबा बोटाकडे पाहत बसले.

घरी आल्यावर म्हणाले, "मले जुनंच बटन लावून दे."

"पण तुमच्यानं ते दाबल्या जात नाही ना, बाबा."

"दाबल्या जात नाई. पन थांबवता तं येत होतं."

तुम्ही कोणतं बटण लावून दिलं असतं?