खिळ्यावरचा रिमोट

एसी थंड झाला की नाही, हे रामलिंग आकड्यावर ठरवत नसे. काम संपलं की हात धुऊन, कोरडे करून तो उजवा तळवा जाळीसमोर धरायचा आणि डोळे मिटायचा. तोंडावर त्याचा भरवसा नव्हता. तापून आलेल्या तोंडाला साधी झुळूकही बर्फासारखी लागते. तळहात खोटं बोलत नाही, असं तो म्हणायचा.

कळंब्याहून मोटारसायकलला पाण्याचा पंप बांधून तो शाहूपुरीत यायचा. अर्धवट काम त्याला खपत नसे. फिल्टर नुसता झटकायचा नाही. धुवायचा, सावलीत वाळवायचा. आतल्या पत्र्यांच्या फटींतली धूळ धारेनं काढायची. बाहेरच्या डब्यामागची कबुतरांची घाण खरवडायची. खिडकीच्या फटीला रबराची पट्टी मारायची.

"नाक चोंदलेल्या माणसाला पळवलं तर धाप लागणारच," तो म्हणायचा. "मशीनचंबी तसंच. मग लाईटबिलावर वरडून काय उपेग?"

शेवटी रिमोट. सव्वीसवर लावायचा, फडक्यात गुंडाळायचा आणि दोरीनं खिळ्याला टांगायचा. माणसं उगाच खाली खाली नेतात आणि वीज जाळतात. म्हणून त्याचा हुकूम असे, "चालू-बंद भिंतीवरच्या बटणानं करायचं. ह्याला हात लावायचा न्हाई."

हा हुकूम कुणी खरोखर पाळला असेल तर धोंडुबाईंनी. त्यांचे मालक गणपतराव एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. अर्धांगाच्या झटक्यानं त्यांची उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. पडून पडून, घामानं पाठ सोलायला लागली, तेव्हा लेकीनं एसी बसवून दिला. दर चैत्रात रामलिंग तो साफ करून जायचा.

यंदाही गेला. त्याला बघून गणपतरावांचं अर्धं तोंड हसलं. "आला... गारेगारवाला."

"गारेगार खायला दात हायत काय मालक?" रामलिंगनं टोला दिला.

काम नेहमीसारखं नेटकं झालं. गच्चीच्या उन्हातून खाली येऊन त्यानं हात धुतले, पुसले आणि जाळीसमोर धरले. काहीच कळलं नाही. सव्वीसचे चोवीस केले. नाही. बावीस. अठरावर आल्यावर कुठं जरा गारव्याचा भास झाला. त्यानं वाऱ्याची पट्टी पलंगाकडं वळवली.

"मशीन दमलंय, आक्का. अठरावर ठिवलंय. त्येच्या वर गारवाच येईना."

धोंडुबाई दारात उभ्या होत्या. "मला तर चांगलं गार लागतंय की."

"चुलीम्होरनं आलाय तुम्ही. तसंच वाटणार."

रामलिंगनं गाठ मारली, रिमोट खिळ्याला टांगला.

पुढच्या आठवड्यात धोंडुबाईंचा फोन आला. मालकांच्या छातीत कफ भरला होता, दवाखान्यात ठेवलं होतं. घरी आणायच्या आधी खोलीतली धूळ नको म्हणून फिल्टर पुन्हा धुवायचा होता.

रामलिंग लगेच निघाला. फिल्टर धुऊन, वाळवून परत बसवला आणि पलंगाशेजारी टेकला. धोंडुबाईंनी पदरात धरून चहाचा स्टीलचा पेला आणला. रामलिंगनं तो उजव्या मुठीत घेतला आणि तसाच धरून बोलत राहिला.

"आरं, हात भाजंल की! आत्ता उतरवलाय!"

त्यानं खाली पाहिलं. पेल्यातून वाफ निघत होती. पेला ठेवून त्यानं तळवा उघडला. लालभडक झाला होता. डाव्या हाताच्या बोटाचं टोक पेल्याला लावलं तर तिथंही काही नव्हतं. मग त्यानं पेला गालाला टेकवला आणि चटका बसून झटकन मागं घेतला.

साखर त्याला कैक वर्षांची होती. डॉक्टर पायांना मुंग्या येतात काय विचारायचे. हातांचं त्यानं कधी सांगितलं नव्हतं. राबणाऱ्या हाताला बधिरपण येतंच, असं त्याचं मत.

"आक्का," तो म्हणाला, "त्या दिशी मशीन दमलं नव्हतं. माझा हात मेलाय."

धोंडुबाईंना कळायला वेळ लागला. मग त्या खिळ्याकडं बघत राहिल्या.

"मी म्हणलं हुतं, गार लागतंय."

"व्हय."

"थंडीनं कुडकुडायचं ते. बोलता येत न्हवतं. बंद केलं की घामानं पाठ सोलायची, म्हणून एकावर एक पांघरुणं घातली. पर रिमोटला हात न्हाई लावला. तू सांगितलंवतंस."

धोंडुबाईंनी दोरी सोडली, फडकं उलगडलं. एसी सुरू करून रिमोट सव्वीसवर आणला आणि स्वतःचा तळवा जाळीसमोर धरला. बराच वेळ धरला. पट्टी पलंगावरून भिंतीकडं वळवली. मग त्यांच्या पद्धतीनं, पदराची मारावी तशी गाठ मारून रिमोट परत टांगला.

गणपतराव त्या खोलीत परत आले नाहीत. वय होतं, बाकीची दुखणीही होती, असं डॉक्टर म्हणाले. रामलिंगनं ते ऐकून घेतलं. घरी येऊन पंप धुतला, कोरडा केला आणि विकून टाकला.

बाराव्याला तो रिकाम्या हातांनी गेला. पाहुणे पांगल्यावर धोंडुबाईंनी त्याला आत बोलावलं. एसी बंद होता, खिडकी उघडी. खिळ्यावर त्यांचीच गाठ होती.

"बस," त्या म्हणाल्या.

चहा त्यांनी या वेळी कानाच्या कपात आणला. पुढं केला नाही. दोन्ही तळव्यांत धरून समोर उभ्या राहिल्या. रामलिंग मान खाली घालून थांबला. चहा निवला असं त्यांच्या हाताला कळलं, तेव्हा त्यांनी कप त्याच्या हातात दिला.