झाकणावरची मेणबत्ती

सुदर्शन मेश्रामांनी उभं आयुष्य दुसऱ्यांची बिघडलेली यंत्रं दुरुस्त करण्यात घालवलं. भोसरीच्या एका कारखान्यात ते मेंटेनन्सला होते. प्रेस अडली, पट्टा थांबला, की सुपरवायझर आधी मेश्रामांसाठी चहा सांगायचा आणि मग त्यांना बोलावणं पाठवायचा. निवृत्तीनंतर घरचा मिक्सर, गीझर, शेजाऱ्यांचे पंखे असं काहीबाही चालूच होतं. एका यंत्राला मात्र हात लावायची त्यांना परवानगी नव्हती. ते म्हणजे त्यांच्या बायकोचा, शैलाबाईंचा प्रिंटर.

"तुम्ही नका उघडू बाप्पा," शैलाबाई म्हणायच्या. "तुम्ही उघडलं की मागून स्क्रू उरतात."

वारज्यातल्या त्यांच्या सोसायटीत तो प्रिंटर म्हणजे सार्वजनिक नळ होता. कुणाच्या पोराचा प्रकल्प, कुणाचं आधार कार्ड, कुणाचं गाडीचं तिकीट. बेल वाजली की दार उघडायच्या आधीच शैलाबाई आतून विचारायच्या, "काळं-पांढरं की रंगीत?" पैसे त्या घेत नसत. त्यामुळे कुणी कढीपत्ता आणून द्यायचं, कुणी वाटीभर खीर. मेश्राम पेपराआडून कुरकुरायचे, "हे घर आहे का झेरॉक्सचं दुकान?"

"दुकान असतं तर तुम्हाला कामावर ठेवलं नसतं," शैलाबाई म्हणायच्या.

शैलाबाई गेल्या, त्यालाही आता वर्ष उलटून गेलं होतं. त्या गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गावाकडून, भंडाऱ्याहून माणसं आली होती. खोली लहान. बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींखाली एकच टेबल, आणि त्यावर प्रिंटर. कुणीतरी प्रिंटरवरच पांढरं कापड टाकलं, त्यावर शैलाबाईंचा फोटो ठेवला, मेणबत्ती लावली. माणसं गेली, फोटो तिथेच राहिला. मेश्राम रोज संध्याकाळी मेणबत्ती आणि अगरबत्ती लावत, त्रिशरण म्हणत आणि मग अंधार पडेपर्यंत तसेच बसून राहत.

बेल वाजायची थांबली होती. पहिल्या महिन्यात दोघं-तिघं आले, दारातूनच आत नजर टाकून, "सहज आलो होतो काका," म्हणत परत गेले. नंतर तेही नाही. माणसं हिच्यासाठी यायची, आपल्यासाठी कोण येणार, अशी मेश्रामांनी स्वतःची समजूत घातली. तरी संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली की त्यांचे कान टवकारायचेच.

अशात खराडीहून आम्रपालीचा फोन आला. ही त्यांची एकुलती मुलगी.

"बाबा, रविवारी आमच्याकडे ई-कचऱ्याची गाडी येतेय. तो प्रिंटर मी घेऊन जाते. आईच्या फोटोला चांगलं स्टँड आणू."

"चालू आहे तो."

"शेवटचा कधी चालवलात?"

मेश्रामांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाबा?"

"रविवारपर्यंत करतो ना चालू. मग कशाला नेशील?"

फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःचंच नवल वाटलं. त्यांना स्वतःला तर कधी साधा एक कागद छापायचा नव्हता. पण कुणी ही बेल वाजवावी असं या घरात ते एवढंच उरलं होतं. तेही गाडीत घालून नेलं की मग दाराला बेल तरी कशाला हवी?

त्यांनी फोटो उचलून खुर्चीवर ठेवला. कापड ओढलं, तर ते निघेना. मेण कापडातून झिरपून झाकणाच्या कडेने खाली ओघळलं होतं आणि स्कॅनरचं झाकण काचेवर घट्ट चिकटलं होतं. वायर जोडून बटण दाबलं. आत काहीतरी गुरगुरलं, लाल दिवा लागला आणि कागद होता तिथेच राहिला. पुन्हा दाबलं. या वेळी कागद तिरका आत गेला आणि पांढराच्या पांढरा बाहेर आला.

मग मात्र त्यांच्यातला कारखान्यातला माणूस जागा झाला. मागची पट्टी काढून त्यांनी कागद ओढणारा रबरी रोलर सोडवला, रुमालात गुंडाळला आणि बसने बुधवार पेठेतलं सुट्या भागांचं दुकान गाठलं.

दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "मॉडेल?"

मेश्रामांनी सांगितलं.

"बंद झालं."

"नुसता रोलर मिळेल का?"

"मिळेल. सोबत प्रिंटर घ्यावा लागेल." मग त्याने रुमालातला रोलर उचलला, अंगठ्याने चोळला, अंगठा नाकाशी नेला. "आत काय टाकलंत?"

"काही नाही."

"चंदन आहे हे. आजोबा, यंत्राची पूजा दसऱ्याला एकदा करतात. रोज करायची नसते."

मेश्रामांनी रोलर हातात घेऊन पाहिला. रबरावर राखाडी, मऊ थर होता. अगरबत्तीची राख मागच्या फटीतून रोज थोडी थोडी आत पडत गेली होती. रबर गुळगुळीत झालं होतं, कागद धरणार कसं?

"रोलर चांगलाय, ओल्या फडक्याने पुसा," दुकानदार आता जरा मवाळ झाला. "शाई येत नसेल तर हेड सुकलाय. कोमट पाण्याने भिजवा. वापरला नाही की सुकणारच तो."

बसमध्ये मेश्रामांनी रुमाल मांडीवर धरून ठेवला. इतकी वर्षं आपण दुसऱ्यांना ओरडत आलो, मशिनवर डबे ठेवू नका, चहा ठेवू नका. आणि हिचं मशिन आपणच बंद पाडलं. तेही हिच्यासमोर बसून, रोज, हात जोडून.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. रोलर पुसून बसवला. हेडखाली कोमट पाण्यात भिजवलेला टिशू सरकवला आणि वाट पाहिली. बऱ्याच वेळाने टिशूवर निळा डाग उमटला, मग लाल, सगळ्यात शेवटी काळा. मेणासाठी शैलाबाईंचा केस वाळवायचा ड्रायर काढला. त्याच्या जाळीत एक लांब पांढरा केस अडकलेला होता. तो त्यांनी काढला नाही. गरम हवेने मेण सुटत गेलं आणि झाकण उघडलं.

काचेवर एक कागद पालथा पडला होता. लॅमिनेट केलेला, महापालिकेचा जन्मदाखला. नाव संस्कृती. वरच्या मजल्यावरच्या शेफालीची मुलगी. शैलाबाईंनी प्रत काढली असणार आणि मूळ दाखला काचेवरच राहिला असणार. सगळेच विसरतात तसा.

मेश्राम जिना चढून गेले. शेफालीने दार उघडलं आणि तिची नजर दाखल्यावर गेली.

"अय्या. हा तुमच्याकडेच होता. मला माहीत होतं, काका."

"मग मागायचा नाही का?"

"नवीन काढला. त्यासाठी महापालिकेत चकरा मारल्या." ती ओशाळली. "पण तुमची बेल वाजवायला धीर होईना. एकदा आले होते मी. तर प्रिंटरवर काकूंचा फोटो, पुढे मेणबत्ती, आणि तुम्ही डोळे मिटून बसलेले. आता सांगा, झेरॉक्ससाठी काकूंना जरा बाजूला ठेवा, असं कसं म्हणायचं?"

मेश्रामांनी दाखला तिच्या हातात दिला.

"सगळेच असं म्हणायचे. काकांना कशाला त्रास." ती बाजूला झाली. "या ना आत, चहा टाकते."

दारातून तिच्या घरातलं टेबल दिसत होतं. त्यावर नवा प्रिंटर होता.

"पुन्हा कधीतरी," ते म्हणाले.

घरी येऊन त्यांनी भिंतीत खिळा ठोकला. तसबिरींच्या शेजारी, पण टेबलापासून लांब. शैलाबाईंचा फोटो तिथे लावला. मेणबत्ती खिडकीत नेली. प्रिंटरचं झाकण उघडंबोडकं दिसत होतं, त्यावर मेणाचं एक वर्तुळ राहिलंच. सोसायटीच्या ग्रुपवर त्यांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'प्रिंटर चालू झाला आहे. कधीही या.' थोड्या वेळाने एकाने अंगठा पाठवला. आणखी काहींनी जोडलेले हात. मग पाण्याच्या टँकरवरून वाद सुरू झाला आणि तो निरोप वर सरकत सरकत दिसेनासा झाला.

रविवारी आम्रपाली आली. तिने बटण दाबलं. रंगीत पट्ट्यांचं चाचणीचं पान स्वच्छ बाहेर आलं.

"खरंच चालू केलात." तिने पान उजेडात धरून पाहिलं. "कुणी आलं का?"

"येतील."

ती भिंतीवरच्या फोटोकडे बघत राहिली. कचऱ्याच्या गाडीचं नाव तिने काढलं नाही.

वापरला नाही की हेड सुकतो. म्हणून आता रविवार आला की मेश्राम बाहेरचं लाकडी दार उघडं टाकतात, नुसती जाळी लावून घेतात आणि प्रिंटरसमोर बसतात. बटण दाबतात. रोलर कागद बरोबर धरतो. पिवळ्या, लाल, निळ्या, काळ्या पट्ट्यांचं पान बाहेर येतं. त्यात दोष काढायला जागा नसते. ते पान ते आदल्या रविवारच्या पानावर ठेवतात आणि जिन्याकडे कान देऊन जरा वेळ बसून राहतात.