हात दाबला की पुढे

एकत्र प्रवास करून आलेल्या माणसांकडे किस्से इतके साचतात की कुणी नुसतं "कशी झाली ट्रिप?" विचारलं तरी आम्ही एकमेकांची तोंडं बघतो. सुरुवात कुठून करायची? त्यातून आमची ट्रिप नव्हे, यात्रा! पुण्याच्या आमच्या चर्चचा तरुण संघ पवित्र भूमी बघून आला. परत आल्यावर पहिल्याच रविवारी उपासनेत प्रत्येकाने साक्ष द्यायची होती. देवाने तिथे आपल्यासाठी काय केलं, आध्यात्मिक वाढ कशी झाली, वगैरे.

अविनाश पहिला उठला. त्याचं बुधवार पेठेत स्पीकरचं दुकान आहे, त्यामुळे माइकला तो घाबरत नाही. म्हणाला, "वाढ झाली असावी. जाताना बसणारी पँट येताना बसत नव्हती." आणि जागेवर जाऊन बसला! हसायचं की आमेन म्हणायचं, हे मंडळींना कळेना.

मी "खूप आशीर्वाद मिळाला" म्हणून सुटले. खरं सांगायचं तर तिथे आमचं काय झालं, हे मला अजून कळलेलं नाही.

आधी एक पद्धत सांगते. आमच्यात साखळी प्रार्थना असते. गोल करून हात धरायचे आणि एकेकाने मोठ्याने प्रार्थना करायची. ज्याला बोलायचं नसेल त्याने शेजारच्याचा हात दाबायचा. हात दाबला की पुढे! लाजऱ्या मुलांसाठी ही सोय.

आमचा सॅमी लाजरा अजिबात नव्हे. प्रार्थना करायला लागला की आवाज रस्त्यापर्यंत जायचा. पण गेल्या वर्षी त्याची आई गेली, आणि तेव्हापासून तो फक्त हात दाबतो. निघताना त्याच्या पप्पांनी मला बाजूला घेतलं. "रूथ, बाळा, तिथे तरी त्याचं तोंड उघडू दे गं. घरात बोलतो, हसतो, पण प्रार्थनेला बसलं की गप्प." मी आपली हो म्हणून बसले. मी खराडीत सॉफ्टवेअर टेस्ट करते, मला काय येतंय यातलं?

*

आमच्या पाळकसाहेबांची प्रार्थना लांबते. लग्नात त्यांची प्रार्थना होईपर्यंत बिर्याणी गार होते, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

विमानतळावर त्यांनी विमानासाठी प्रार्थना केली, मग पायलटसाठी, मग पायलटच्या घरच्यांसाठी. हवाईसुंदऱ्यांपर्यंत आले तेवढ्यात स्पीकरवर आमचीच नावं पुकारायला लागले. लास्ट कॉल! पाळकसाहेबांनी डोळे न उघडता गाडी वळवली, "आणि प्रभू, तू आम्हांला नावाने हाक मारतोस, म्हणून आम्ही येतो. आमेन!"

आम्ही धावत सुटलो.

*

गालीलचा समुद्र म्हणजे मला समुद्रच वाटला होता. निघाला तलाव!

"एवढाच?" एस्तेर म्हणाली. एस्तेर नर्सिंगला आहे, मनात येईल ते बोलते.

"खडकवासल्याला निदान कणीस तरी मिळतं," अविनाश म्हणाला.

बोटीत साखळी प्रार्थना झाली. पाळकसाहेब दर वेळी सॅमीपासून सुरुवात करायचे, आशेने. सॅमीने माझा हात दाबला. मला त्याच्या पप्पांचा चेहरा आठवला आणि मी काय प्रार्थना केली ते मलाच समजलं नाही.

*

प्रभू येशूचा बाप्तिस्मा झाला त्या यार्देन नदीत पांढरे झगे घालून सगळे गंभीरपणे उतरले. तिथे मासे पायाला तोंड लावतात, हे आम्हांला कुणी सांगितलं नव्हतं. एस्तेर जी किंचाळली, दोन्ही हात वर करून! शेजारी कुठल्याशा देशाचा एक ग्रुप होता, त्यांना वाटलं हिच्यावर पवित्र आत्मा उतरला. "हालेलूया!" करत सगळ्यांनी तिला घेरलं आणि एक बाई तिच्या गळ्यात पडून रडायला लागली.

मग एस्तेरही रडायला लागली. का, ते विचारलं तर म्हणाली, "मला काय माहीत!"

*

गेथशेमाने बागेत प्रभू येशूने शिष्यांना सांगितलं होतं, जागे राहा, प्रार्थना करा. आणि ते झोपले! पाळकसाहेबांनी तिथेच तो उतारा वाचायला घेतला. वाचून वर बघतात तर ऊन छान, सावली छान, अख्खा तरुण संघ झाडांना टेकून गाढ झोपलेला. जागा फक्त सॅमी.

पाळकसाहेबांनी हताशपणे त्याच्याकडे बघितलं.

"शास्त्राप्रमाणेच चाललंय, पाळकसाहेब," सॅमी म्हणाला.

रागवावं की भरून यावं ते कळेना, असं पाळकसाहेबांनी नंतर बसमध्ये सांगितलं.

*

यरुशलेमात प्रभूची कबर म्हणून दोन जागा दाखवतात. एस्तेर वैतागली. "मग गुडघे टेकायचे कुठे?"

"पाटी बघ ना," अविनाश म्हणाला, "आमची कुठेही शाखा नाही, असं कुणी लिहिलंय?"

आमचा गाईड नबील शांतपणे म्हणाला, "मॅडम, काळजी नको. दोन्ही रिकाम्या आहेत."

*

शेवटच्या दिवशी नबीलने एका गल्लीतल्या टपरीवर चहा पाजला. काचेचे छोटे ग्लास, दूध नाही, वर पुदिन्याची पानं, आणि पाकासारखा गोड. सॅमीने न थांबता एक घोट घेतला.

"थांबा, थांबा," पाळकसाहेब म्हणाले, "प्रार्थनेशिवाय नाही. छोटीशीच करू." आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि ग्लास खाली ठेवले. गोल झाला. पाळकसाहेबांनी सॅमीचा हात धरला, सॅमीने माझा.

"सॅमी, तुझ्यापासून."

मी हात दाबायची वाट बघत होते. हात दबला नाही आणि आवाजही आला नाही. मागून हातगाडीवाला ओरडत होता. अविनाशने एक डोळा उघडून बघितलं.

मग सॅमी बोलला, हळू.

"प्रभू, आईला असाच चहा आवडायचा. शुगर होती म्हणून आम्ही दिला नाही. मागायची, तरी दिला नाही. आता तू दे. भरपूर साखर घालून दे. आमेन."

माझी पाळी आली. मी एस्तेरचा हात दाबला. एस्तेरने अविनाशचा दाबला. अविनाशने पाळकसाहेबांचा.

पाळकसाहेबांनी घसा खाकरला. चहा निवत होता. आम्ही डोळे मिटून वाट बघत राहिलो.

पाळकसाहेबांनी सॅमीचा हात दाबला.