राहेलची माय

सुवार्ता तायडे यांनी अकोल्याच्या मिशन दवाखान्यात एकतीस वर्षं बाळंतपणं केली. निवृत्त झाल्यावर चर्चमधल्या जुन्या नोंदवह्या नीट लावायचं काम पाळकांनी त्यांच्याकडे दिलं. त्या कामात एका दुपारी त्यांना आपल्या पणजीच्या बाप्तिस्म्याची नोंद सापडली. ‘राहेल. दुष्काळातील अनाथ. वय अंदाजे सात.’ बस, एवढंच. त्या किती तरी वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसल्या. सात वर्षांची पोर मिशनच्या दारापर्यंत कोणत्या वाटेनं आली असेल, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना.

शेवटी त्यांनी शाळेची दोनशेपानी वही आणली आणि मनानंच लिहायला घेतलं. चार वर्षांत सहा वह्या भरल्या. राहेल मोठी झाली, सुईण झाली, गावोगाव फिरली. लिहिताना कधी कधी सुवार्ताबाईंना वाटे, हे आपण सांगत नाही आहोत, कुणीतरी आपल्याला सांगतंय. अशा वेळी त्या पेन खाली ठेवून नुसत्या बसून राहत.

पुण्याच्या एका प्रकाशकानं कळवलं, भाषा प्रमाण करा, मग बघू. ख्रिस्ती पुस्तकं काढणाऱ्या एका संस्थेनं लिहिलं, राहेल देवाशी फार भांडते, तो भाग काढा. सुवार्ताबाईंचे यजमान, शांतवन मास्तर, पत्र वाचून म्हणाले, “काढून टाकतं का मंग?”

“बाळंतखोलीत मी स्वतः किती भांडली त्याच्याशी,” त्या म्हणाल्या. “तिचं कसं काढू?”

अमरावतीच्या दीपमालाताई छोटं प्रकाशन चालवत. त्या म्हणाल्या, “वाचते मी. पण आधी टाइप करून आणा.” त्यांनीच अमरावतीतल्या निखतचा पत्ता दिला. निखत घराच्या पुढच्या खोलीत संगणकावर मराठी टायपिंग करायची. सुवार्ताबाई वह्या तिच्याकडे ठेवून आल्या.

पंधरा दिवसांनी फोन आला.

“सिस्टर, काम थांबलं हाय,” निखत म्हणाली. “तुमी येऊन जा एकदा.”

आपण काही वावगं लिहिलं की काय, या काळजीत सुवार्ताबाई बसमध्ये मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत मनातल्या मनात एकेक वही चाळत राहिल्या.

निखतच्या घरी संगणकाजवळच्या खाटेवर तिची सासू बिस्मिल्लाबी बसली होती. ऐंशीच्या पुढची, अक्षरओळख नाही. निखत एकेक पान आधी मोठ्यानं वाचायची, मग टाइप करायची. म्हातारीला त्याची गोडी लागली होती.

“तूच का लिहिणारी?” बिस्मिल्लाबीनं विचारलं. “ह्या राहेलची माय कुठं गेली?”

“मले नाही मालूम, अम्मा. पोरीले दारात ठेवून गेली, एवढंच लिहिलं मी.”

“तुले नाही मालूम त कोणाले मालूम? दोन दिवसांपासून मी हिले पुढं वाचू नाही देऊन राहिली. आधी मायचा पत्ता लागला पाहिजे.”

चार वर्षांत हा प्रश्न सुवार्ताबाईंनी स्वतःला एकदाही विचारला नव्हता.

म्हातारी हळू आवाजात पुढं बोलली. “पोटची पोर ठेवून कोणी असंच नाही जात. ती समोरच्या झाडाखाली बसली असन. पोरीच्या हातात भाकर पाहिली असन, मंगच उठली असन.”

निखतनं पदरानं डोळे पुसले. भाकर घेतलेली राहेल आणि रस्त्यापलीकडची ती बाई सुवार्ताबाईंना स्वच्छ दिसली. त्यांनी निखतकडून कोरे कागद मागून घेतले आणि तिथंच जमिनीवर बसून लिहू लागल्या. उठल्या तेव्हा नऊ पानं झाली होती, पाय बधिर झाले होते.

दीपमालाताईंनी कादंबरी घेतली. वऱ्हाडीचा एक शब्द बदलला नाही. नाताळाच्या आधीच्या रविवारी पाळकांनी पुस्तकावर प्रार्थना केली. ज्यांची बाळंतपणं सुवार्ताबाईंनी केली होती, त्या बाया लेकरं-नातवंडं घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. सुवार्ताबाई प्रत्येक प्रतीवर सही करत होत्या आणि दर वेळी मुखपृष्ठावरचं स्वतःचं नाव परक्याचं असावं तसं वाचत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या अमरावतीला गेल्या. बिस्मिल्लाबीनं पुस्तक हातात घेतलं, जोखलं, पानांवरून तळवा फिरवला आणि परत त्यांच्याच हाती दिलं.

“निखतच्या तोंडून ऐकलं. आज तू वाच.”

सुवार्ताबाईंनी आपलं लिहिलेलं कधी मोठ्यानं वाचलं नव्हतं. तिसऱ्या ओळीला त्या अडखळल्या आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागल्या. निखतनं संगणक बंद केला आणि ती खाली येऊन बसली. अकोल्याची पाचची बस निघून गेली, तरी वाचन चाललंच होतं.